औषध, अबकारी आणि अंमल : महाराष्ट्रातील मादक द्रव्यांच्या नियमनाचा इतिहास

(१)

मराठीत ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असे आपण म्हणतो तेव्हा सत्ता अभिप्रेत असते. भांगेचा अंमल चढला असे म्हणतो तेव्हा धुंदी अभिप्रेत असते. मूळ अरबी ‘अमल’ शब्दाचा अर्थ कृती अथवा कार्य असा आहे. त्यातून एका बाजूस ‘अंमलदार’ आणि ‘अंमलबजावणी’ हे शब्द निघाले, तर दुसऱ्या बाजूस ‘अमली पदार्थ’ हा आज कायद्याच्या भाषेत स्थिरावलेला शब्दप्रयोग निघाला. द्रव्याचा मनुष्यावर चालणारा अंमल आणि शासनाचा त्या द्रव्यावर चालणारा अंमल या दोहोंना भाषेने एकच नाव दिले आहे.

याच वर्गातील आणखी काही शब्द विचारात घेण्याजोगे आहेत. ‘दारू’ हा शब्द फारसीत औषधवाचक आहे. मराठीत तो मद्याला आणि बंदुकीच्या दारूला लागू झाला. पण ‘दवादारू करणे’ या जोडशब्दात त्याचा जुना अर्थ अद्यापि टिकून आहे. ‘अफू’ हा शब्द अरबी ‘अफ्यून’ या शब्दावरून आला व त्या अरबी शब्दाचे मूळ ग्रीक आहे. आपल्या वैद्यांनी त्यालाच ‘अहिफेन’, म्हणजे सर्पाचा फेस, असे संस्कृत रूप देऊन शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांत औषध म्हणून स्थान दिले. ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातील एक प्रमुख अर्थ संकट अथवा आपत्ती असा आहे. औषध, मादक द्रव्य आणि विष यांच्यामध्ये भाषेने कधीही पक्की भिंत उभारली नव्हती, हे या शब्दांवरून स्पष्ट होते.

ती भिंत उभारली शासनाने, आणि तीही एका जागी स्थिर ठेवली नाही. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ती अनेक वेळा सरकली. कधी महसुलासाठी, कधी नीतीसाठी, कधी आंतरराष्ट्रीय करारांसाठी. प्रत्येक वेळी एक दुकान बंद झाले आणि मागणी दुसऱ्या दुकानाकडे वळली. हा क्रम महाराष्ट्रापुरता तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. आजचे महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. तत्पूर्वी विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्या प्रदेशांची अबकारी व्यवस्था निराळी असल्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळाचे विवेचन येथे मुख्यतः मुंबई इलाख्याच्या आधारे केले आहे.

(२)

अफूच्या बाबतीत बंगाल आणि मुंबई यांची स्थिती मुळातच भिन्न होती. बंगालमध्ये खसखशीची लागवड व अफूची निर्मिती यांवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. मुंबईत येणारी अफू मात्र माळव्यातील शिंदे, होळकर आदी संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे आणि तेथे कंपनीला असा मक्ता चालविता येत नव्हता. हा माल कंपनीचा मुलूख चुकवून कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमण बंदरात जाऊ लागला, तेव्हा कंपनीने धोरण बदलले. १८३१ पासून माळव्याची अफू मुंबईहून निर्यात करण्यास परवाना देण्यात येऊ लागला व प्रत्येक पेटीवर पट्टी बसविण्यात आली. १८४३ मध्ये सिंध प्रांत इंग्रजांच्या हाती आल्यावर आडमार्ग बंद झाले आणि ही पट्टी टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

या व्यापाराने मुंबई शहराच्या भांडवलाला मोठा आधार दिला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा एक महत्त्वाचा भाग चीनशी चालणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारातून आला होता, आणि त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८४५ पासून मुंबईतील रुग्णांची सेवा करीत आहे. अफूतून आलेल्या पैशातून रुग्णालय उभे राहावे, ही घटना त्या काळच्या समाजाला विसंगत वाटली नाही. त्या काळी अफू हा एक माल होता आणि एक औषधही होते.

देशांतर्गत खपासाठी निराळी व्यवस्था होती. १८७८ चा अफू कायदा आणि त्याच वर्षीचा मुंबईचा अबकारी कायदा यांनी अफू, गांजा, भांग व चरस यांची किरकोळ विक्री परवान्याच्या चौकटीत आणली. दुकानांचे लिलाव होत, ठेकेदार बोली लावीत आणि सरकारास उत्पन्न मिळे. मुंबई इलाख्यात गांज्याची लागवड अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांत होत असे, तर मध्यप्रांतात खांडवा हे गांज्याचे केंद्र होते.

या व्यवस्थेवर विलायतेतील पार्लमेंटात टीका होऊ लागल्याने १८९३ मध्ये दोन आयोग नेमण्यात आले. भांग-गांज्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते, तर अफूविषयीच्या शाही आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड ब्रासी होते. पहिल्या आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून १८९४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, माफक सेवनापासून सर्वसाधारणपणे अपाय होत नाही. म्हणून बंदी न घालता नियंत्रण व कर हेच धोरण ठेवावे. दुसऱ्या आयोगाचा १८९५ चा निर्णयही साधारणतः त्याच दिशेचा होता. मात्र हेन्री विल्सन या सभासदाने त्यास भिन्नमतपत्रिका जोडली.

या आयोगांपुढे मांडला गेलेला एक युक्तिवाद विशेष महत्त्वाचा आहे. हिवताप, आमांश, खोकला व वेदना यांवर अफू हे गोरगरिबांचे घरगुती औषध आहे, ते काढून घेतल्यास त्यांच्यापाशी दुसरे काही उरणार नाही, असे अनेक साक्षीदारांनी सांगितले. हा युक्तिवाद महसुलाच्या सोयीचा होता यात शंका नाही. तथापि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. ज्या खेड्यात डॉक्टर पोचला नव्हता तेथे वेदना शमविण्याचे दुसरे साधन फारसे नव्हतेच. औषध हे महसुलाचे समर्थन झाले आणि वैद्यकाची उणीव हे औषधाचे समर्थन झाले. इतिहासकाराने या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

(३)

या गुंतागुंतीचे सर्वांत करुण उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. मूल दिवसभर झोपून राही आणि आईला पाळी पुरी करता येई. मुंबई सरकारने कामकरी स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांच्या १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या माहितीत अशा स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जात असल्याचे म्हटले होते, आणि हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला.

ही अफू चोरटी नव्हती. परवानाधारक दुकानातून ती कायदेशीर मार्गाने मिळत होती. ती देणारी आईही व्यसनी नव्हती. १९११ च्या कारखाना कायद्यान्वये स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांपर्यंतचा होता, घरी मूल सांभाळणारे कोणी नव्हते आणि चाळीतील एका खोलीत अनेक माणसे राहत होती. बाळागोळी ही त्या परिस्थितीची निष्पत्ती होती. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ अफूच्या कायद्यात सापडणारे नव्हते. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिसाहाय्य कायदा आणि पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे करणारा १९४८ चा कारखाना कायदा हे या दृष्टीने मादक द्रव्यांच्या इतिहासाचेच भाग ठरतात, जरी त्यांत अफूचे नाव कोठेही नाही.

याच सुमारास एका नव्या प्रकारच्या द्रव्याने मुंबईत प्रवेश केला. १८८४ मध्ये युरोपात स्थानिक बधिरता आणणारे औषध म्हणून मान्यता पावलेले कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी बोटींतून चोरट्या मार्गाने बंदरात उतरू लागले व पानातून खाल्ले जाऊ लागले. अफू व गांजा शेतातून येत होते. कोकेन प्रयोगशाळेतून आणि औषधी कारखान्यातून आले. त्याला ना लागवडीचा परवाना होता, ना ठेकेदाराचे दुकान. जुनी अबकारी यंत्रणा शेत, वखार आणि दुकान यांवर देखरेख करण्यासाठी रचलेली होती. चिमटीत मावणाऱ्या भुकटीपुढे ती अपुरी पडली. पुढील शतकात घडणाऱ्या बदलाची ही पहिली खूण होती.

(४)

जिनीव्हा येथील १९२५ च्या करारानंतर हिंदुस्थानात १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा आला. ज्या द्रव्यांना पूर्वीचे कायदे ‘अबकारीचा माल’ म्हणून ओळखत होते, त्यांतील काहींना या कायद्याने प्रथमच घातक औषधे या वर्गात आणले. स्वातंत्र्यानंतर या बदलाला नैतिक अधिष्ठान मिळाले. १९४९ मध्ये झालेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने वैद्यकीय कारणांव्यतिरिक्त होणारे अफूचे सेवन दहा वर्षांत, म्हणजे ३१ मार्च १९५९ पर्यंत, संपुष्टात आणण्याचे ठरविले. त्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. या कायद्याच्या कक्षेत मद्याबरोबर मादक द्रव्येही होती.

औषध व अंमल यांच्यामधील सीमेचा प्रश्न येथे न्यायालयापुढे उघडपणे आला. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दारूबंदी कायदा मुख्यत्वे वैध ठरविला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने जवळ बाळगण्यास व वापरण्यास बंदी करणाऱ्या तरतुदी अवैध ठरविल्या. निर्णय न्याय्य होता, कारण औषध घेण्याच्या हक्कावर गदा आणणे योग्य नव्हते. पण बाटलीवर ‘टिंचर’ अशी चिठ्ठी असली की आतील मद्यार्क हे औषध ठरते, ही गोष्ट बाजाराच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही. सुंठीच्या अर्काचे टिंचर पिणाऱ्यांची चर्चा त्या दशकातील मुंबईत सर्वत्र होती. दुसरीकडे, प्रकृतीच्या कारणास्तव मद्य आवश्यक असल्याचा वैद्यकीय दाखला मिळविणाऱ्यास परवाना दिला जाई. ज्याला डॉक्टर परवडत होता त्याचे मद्य औषध ठरले. ज्याला परवडत नव्हता त्याने औषध विकत घेऊन त्याचे मद्य केले.

अफूच्या बाबतीत वैद्यकीय दाखल्यावर नाव नोंदविलेल्या सेवकांना ठराविक प्रमाणात अफू मिळण्याची सोय ठेवण्यात आली होती. ही पद्धत सदोष होती. मात्र तिच्यात एक गुण होता. सेवन करणारा मनुष्य शासनाच्या वहीत गुन्हेगार म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून नोंदला जात असे.

(५)

१९६१ च्या एकत्रित आंतरराष्ट्रीय करारानुसार गांज्याचा अवैद्यकीय वापर बंद करण्यास भारतास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपत आली असता संसदेने १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला आणि तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. अफूविषयीचे १८५७ व १८७८ चे आणि १९३० चा असे तीन जुने कायदे त्याने रद्द केले व अनेक गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद केली. या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. निव्वळ पाने त्यात येत नाहीत. त्यामुळे एकाच झाडाची फुले केंद्रीय गुन्ह्याच्या कक्षेत गेली आणि पानांची भांग राज्यांच्या नियंत्रणाखाली राहिली. सीमा पदार्थाच्या गुणधर्मांपेक्षा अंमलाच्या सोयीने कशी आखली जाते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

हा कायदा आला तेव्हा मुंबईचे चित्र झपाट्याने बदलत होते. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएट आक्रमण यांमुळे हेरॉइनच्या वाहतुकीचे जुने मार्ग विस्कटले आणि भारत हा एक मार्ग बनला. मुंबईच्या रस्त्यांवर अशुद्ध हेरॉइन ‘ब्राउन शुगर’ या नावाने विकले जाऊ लागले. मराठीने त्यास ‘गर्द’ म्हटले. फारसीत हा शब्द धुळीचा वाचक आहे. त्यावरून ‘गर्दुल्ला’ हे व्यक्तिवाचक नाम तयार झाले. अफू खाणाऱ्याला ‘अफिणी’ म्हणताना त्यात थट्टा होती. ‘गर्दुल्ला’ म्हणताना तिरस्कार व भय आहे. शब्दाच्या या बदलात समाजाच्या दृष्टीतील बदल नोंदला गेला आहे.

या तिरस्काराला दिलेले एक विधायक उत्तर पुण्यात उभे राहिले. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या पुस्तकातून हा प्रश्न मराठी वाचकांपुढे मांडला. त्यांनी व मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. कायदा जेथे गुन्हेगार पाहत होता, तेथे या केंद्राने रुग्ण पाहिला.

याच काळातील दुसरी घटना रसायनांविषयीची आहे. मिथाक्वालोन हे द्रव्य १९५१ मध्ये भारतातच कक्कर व झहीर या शास्त्रज्ञांनी प्रथम तयार केले. ते पुढे झोपेचे औषध म्हणून जगभर गेले व ‘मँड्रॅक्स’ या व्यापारी नावाने प्रसिद्धी पावले. त्याचा गैरवापर वाढल्याने १९८४ मध्ये भारतातील त्याचे वैध उत्पादन थांबविण्यात आले. त्यानंतरही मुंबई व परिसरात त्याच्या गोळ्या चोरून बनविल्या जात राहिल्या व दक्षिण आफ्रिकेच्या बाजाराकडे रवाना होत राहिल्या. औषधनिर्मितीचे जे कौशल्य या प्रदेशाचे वैभव होते, तेच चोरट्या उत्पादनाच्या उपयोगी पडले.

कठोर कायद्याचा एक परिणाम मात्र कोणाच्याही मनात नव्हता. परवान्यांची गुंतागुंत व शिक्षेचे भय यांमुळे रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फीन ठेवण्यास कचरू लागले. १९८५ नंतरच्या सुमारे बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर शेकडा ९० हून अधिक घटला. कर्करोगाच्या असह्य वेदना सोसणाऱ्या रुग्णाला अफूपासून बनणारे हे औषध, अफू पिकविणाऱ्या देशातच, दुर्मीळ झाले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा निराळा वर्ग करणारी सुधारणा २०१४ मध्ये करावी लागली. भिंत चुकीच्या जागी उभारल्यास तिच्यापायी निरपराध रुग्णही चिरडला जातो, हे यावरून दिसून येते.

(६)

एकविसाव्या शतकात केंद्र पुन्हा सरकले. झोपेच्या व चिंताशामक गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांना बाजारात मागणी आली. ही सर्व वैध औषधे आहेत व योग्य रुग्णाला आवश्यकही आहेत. २०१३ मध्ये औषधविषयक नियमांत ‘एच-१’ ही अनुसूची घालण्यात आली व २०१४ पासून तिच्यातील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे दुकानदारास बंधनकारक झाले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन व ट्रामाडॉल ही सर्व तीत आहेत. २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५ च्या कायद्याखालीही आणले गेले.

महाराष्ट्रातील बोलीने या गोळ्यांना स्वतःची नावे दिली. मराठवाड्यातील शहरांत झोपेच्या गोळीला ‘बटण’ म्हणतात; मालेगावात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. बाळागोळीपासून कुत्ता गोळीपर्यंत ‘गोळी’ हा शब्द टिकला. पहिल्या नावात माया होती, दुसऱ्यात स्वतःविषयीची तुच्छता आहे.

केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येत अफूवर्गीय द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २ हून किंचित अधिक, तर शामक औषधांचे अवैद्यकीय सेवन करणाऱ्यांचे शेकडा १ हून किंचित अधिक होते. शामकांचे सेवन करणाऱ्यांची एकूण संख्या ज्या पाच राज्यांत सर्वाधिक आढळली, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. याच पाहणीत असेही दिसले की, अवैध द्रव्यांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते.

औषधाच्या दुकानावर नियंत्रण आल्यावर कारखाना पुढे आला. मेफेड्रोन हे कृत्रिम उत्तेजक, ज्यास बोलीत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात, फेब्रुवारी २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आले. तत्पूर्वी मुंबईत ते बाळगणे या कायद्याखाली गुन्हाच ठरत नव्हते. २०२३ व २०२४ या वर्षांत नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ येथे त्याचे चोरटे उत्पादन उघडकीस आले. यांपैकी बहुतेक ठिकाणे औद्योगिक वसाहतींतील अथवा त्यांच्या आसपासची होती. राज्याच्या औद्योगिक विकासासाठी उभारलेल्या वसाहती, तेथील रसायनांची उपलब्धता व कुशल मनुष्यबळ यांचाच हा आडफाटा होय. या उत्पादनाला खसखशीचे शेत लागत नाही. म्हणून शेत व वखार यांवरील देखरेखीची जुनी पद्धत त्याला लागू पडत नाही.

(७)

एकंदर इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. नियमन सर्वस्वी निष्फळ ठरले असे मात्र म्हणता येणार नाही. परवान्याची अफूची दुकाने आज नाहीत, तान्ह्या मुलांना राजरोस अफू विकली जात नाही, आणि या गोष्टी लहान नव्हेत. परंतु प्रत्येक टप्प्यावर शासनाचे लक्ष द्रव्याच्या नावावर राहिले व ते नाव यादीत चढेपर्यंत बाजार पुढच्या द्रव्याकडे गेलेला असे. ठेकेदाराचे दुकान, औषधाचे दुकान आणि रसायनाचा कारखाना ही तीन स्थाने या एकाच प्रवासाचे टप्पे आहेत.

जेथे काही टिकाऊ साधले, तेथे द्रव्याबरोबर माणसाकडेही लक्ष गेलेले दिसते. गिरणीतील आईच्या प्रश्नाकडे पाळणाघराने लक्ष दिले, गर्दच्या आहारी गेलेल्या तरुणाकडे व्यसनमुक्ती केंद्राने दिले आणि वेदनाग्रस्त रुग्णाकडे २०१४ च्या सुधारणेने दिले. १९८५ च्या कायद्यातही ही दृष्टी सर्वथा अनुपस्थित नाही. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस अल्प प्रमाणातील द्रव्याच्या बाबतीत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम त्यात आहे, आणि उपचारकेंद्रे स्थापन करण्याचा अधिकार शासनास देणारे कलमही आहे. वीसांत एक हे प्रमाण पाहता ही दारे अजून पुरेशी उघडलेली नाहीत.

‘अंमलबजावणी’ हा शब्द आज प्रायः छापा, जप्ती आणि अटक यांपुरता वापरला जातो. उपचाराची तरतूद हाही कायद्याचाच भाग असल्याने तिची पूर्तता ही देखील अंमलबजावणीच होय. मालेगावातील गोळी घेणाऱ्या मुलाची नोंद शासनाच्या कोणत्या वहीत व्हावी, आरोपीच्या की रुग्णाच्या, हा प्रश्न १९५९ पूर्वीच्या अफूच्या नोंदवहीने आपल्या अपुऱ्या पद्धतीने का होईना, एकदा सोडविला होता. तो आता अधिक चांगल्या रीतीने सोडविणे हे आजच्या अंमलाचे काम आहे.